मदत हवी आहे: रॉ डेनिमची पहिली धुलाई आणि बुटांवरील निळे डाग

नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी मी १४ औंसांची (दर चौरस यार्डला, म्हणजे जाड कापडाची), सॅनफोराइझ केलेली (कारखान्यातच आधी आटवून घेतलेली) रॉ डेनिम (रंगवल्यानंतर न धुतलेल्या डेनिमची) जीन्स घेतली आणि जवळजवळ रोज वापरत असूनही ती अद्याप एकदाही धुतलेली नाही. या कापडात नीळ सुताच्या बाहेरील थरावरच बसते आणि गाभा पांढरा राहतो, त्यामुळे जिथे घर्षण होते तिथे रंग उडत जातो. मांड्यांवर आणि गुडघ्यांमागे उमटू लागलेल्या याच रेषा धुण्याने पुसट होतील, अशी मला भीती वाटते. उलट घाम आणि धूळ साचल्यास सूत कमकुवत होते, हेही खरे. (घरच्यांचे मत केव्हाच ठरले आहे.) जीन्स उलटी करून थंड पाण्यात हाताने धुवावी की मशीनमध्ये धुतलेली चालेल? असे कापड साधारण १ ते ३ टक्के आटते हे ठाऊक आहे, परंतु कंबर आधीच घट्ट आहे.

दुसरी अडचण अशी की फिकट तपकिरी बुटांच्या वरच्या कडेला निळे डाग पडले असून घड्याळाचा चामडी पट्टाही निळसर झाला आहे. चामड्याचा मूळ रंग न बिघडवता हे डाग कोणी काढले असल्यास, नेमके काय वापरले ते कृपया सविस्तर सांगावे.