आर्क्टिकमध्ये पाणबुडीवर बर्फ साचतो का? साचल्यास परिणाम काय?

सागरवेडा:
उत्तर ध्रुवाजवळ बर्फ फोडून वर आलेल्या पाणबुड्यांच्या छायाचित्रांत त्यांच्या काळ्या पाठीवर बर्फाचे ढीग दिसतात. थंड समुद्रात मासेमारी जहाजांवर तुषार गोठून बर्फ चढतो आणि वरचा भाग जड झाल्यामुळे जहाज कलंडू शकते, हे वाचले आहे. पाणबुडी मात्र आठवडेच्या आठवडे गोठणबिंदूजवळच्या पाण्यात बुडालेली असते. मग तिच्या कवचावर पाण्याखालीही बर्फाचे थर चढतात का? तसे नसेल, तर आर्क्टिकमधील बर्फाचा तिला नेमका धोका कोणता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपस्तंभ:
पाण्याखालून चालणाऱ्या पाणबुडीच्या कवचावर बर्फ सहसा चढत नाही. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सियसला गोठते आणि द्रवरूपात असेपर्यंत ते त्याहून फारसे थंड होत नाही. उलट पाणबुडीच्या आतील अणुभट्टी आणि यंत्रांच्या उष्णतेमुळे कवच भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित उबदारच राहते. शिवाय तेथे जितके खोल जावे तितके पाणी थंड होते, असेही नाही. सुमारे दोनशे मीटरखाली अटलांटिककडून आलेल्या, अधिक खाऱ्या आणि शून्याहून थोड्या अधिक तापमानाच्या पाण्याचा थर पसरलेला असतो.

खरा प्रश्न पाणबुडी वर आल्यावर सुरू होतो. पाण्यापेक्षा हवा कितीतरी थंड असल्यामुळे ओले कवच, पेरिस्कोप, अँटेना, झडपा आणि दरवाजांच्या कडा गोठू लागतात. बर्फाचे छत फोडून आलेल्या पाणबुडीच्या पाठीवर तर मोठमोठ्या लाद्याच पडलेल्या असतात. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड लादी धरली, तर तिचे वजन सुमारे २३ टन भरते. गंमत अशी, की तीच लादी अडकून पाण्याखाली गेली, तर ती पाणबुडीला खाली दाबण्याऐवजी सुमारे अडीच टनांच्या जोराने वर ओढू लागते. बाहेर पडण्याच्या दरवाजावरील बर्फ हटवण्यासाठी खलाशी यांत्रिक करवतीही वापरतात.

मला अधिक काळजीची वाटते ती गोठलेली झडप. बुडी मारताना बॅलास्ट टाक्यांमधील (बुडण्यासाठी ज्यांत समुद्राचे पाणी भरतात त्या टाक्यांमधील) हवा वरच्या झडपांतून बाहेर पडावी लागते. एका टोकाची झडप बर्फाने अडली, तर ती टाकी भरत नाही आणि पाणबुडी एका बाजूला झुकते.

खारेवारे:
दीपस्तंभ यांच्याशी सहमत आहे. परंतु कवचावरच्या बर्फापेक्षा डोक्यावरच्या बर्फाने पाणबुड्यांचे अधिक नुकसान केले आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते. १९३१ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स यांनी एक जुनी अमेरिकी पाणबुडी ‘नॉटिलस’ या नावाने आर्क्टिकमध्ये नेली. आत पुरेशी ऊब नसल्यामुळे भिंतींवर दव गोठत असे, आणि खोली राखण्यासाठी लागणारी मागची सुकाणू-पाती तुटल्यामुळे ध्रुव गाठण्याचा बेत सोडावा लागला.

त्याच नावाच्या अमेरिकी अणुपाणबुडीने १९५७ मध्ये बर्फातील मोकळ्या जागेतून वर येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बर्फाला धडकून तिचे पेरिस्कोप वाकले. जून १९५८ मध्ये अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधील चुकची समुद्रात तिच्यापुढे आणखी कठीण प्रसंग आला. तेथे समुद्र उथळ आहे आणि बर्फाच्या लाद्या एकमेकींवर रेटल्या जाऊन तयार झालेले कडे पाण्यात खोलवर उतरलेले होते. तळ आणि बर्फ यांच्यामध्ये निभावण्यापुरती जागा उरेना, तेव्हा कमांडर विल्यम अँडरसन यांनी माघार घेतली आणि बर्फ मागे हटल्यावर पुन्हा निघून ३ ऑगस्ट १९५८ रोजी पाण्याखालून ध्रुव गाठला. माझ्या मते त्या मोहिमेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय जूनमधील माघारीचा होता, जरी इतिहासात ऑगस्टचीच तारीख गाजते.

‘स्केट’ ही पाणबुडी १७ मार्च १९५९ रोजी प्रत्यक्ष ध्रुवावर बर्फ फोडून वर आली. त्यासाठी तिच्या पाठीवरचा मनोरा आधी मजबूत करून घेतला होता. पुढे अमेरिकी ‘स्टर्जन’ वर्गाच्या पाणबुड्यांमध्ये मनोऱ्यावरची आडवी पाती उभी फिरवण्याची सोय आली, म्हणजे बर्फाला त्यांची कड लागावी. त्यानंतरच्या सुधारित ‘लॉस एंजेलिस’ वर्गात ती पाती मनोऱ्यावरून काढून नाकाशी, आत ओढून घेता येतील अशी बसवली गेली.

सागरवेडा:
दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. वर येताना पाणबुडी वेगाने धडक देते का? आणि आपल्या नौदलाच्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या अशा बर्फाखाली जाऊ शकतील का?

दीपस्तंभ:
धडक देत नाही. वरच्या दिशेने पाहणाऱ्या सोनारने (ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या यंत्राने) पातळ बर्फ शोधून पाणबुडी त्याखाली जवळजवळ स्थिर केली जाते आणि मग टाक्यांतील पाणी कमी करत ती सरळ वर चढते. मनोरा बर्फाला टेकल्यावर टाक्यांमध्ये हवा सोडून उचल वाढवतात, म्हणजे बर्फ फुटतो तो वेगाने नव्हे, तर उचलीच्या जोराने. मार्च २०२१ मध्ये फ्रान्झ जोसेफ लँड या रशियन आर्क्टिक बेटांजवळ तीन रशियन पाणबुड्या दीड मीटर जाडीच्या बर्फातून अशाच वर आल्या.

हे तरंगते संतुलन राखणे सोपे नसते, कारण वितळलेल्या बर्फाचे आणि सायबेरियातील नद्यांचे गोडे पाणी वर पसरलेले असते. ७,००० टनांची पाणबुडी घनमीटरला १,०२७ किलो घनतेच्या पाण्यातून १,०२० किलो घनतेच्या पाण्यात आली, तर तिची उचल सुमारे ४८ टनांनी घटते, आणि तेवढे पाणी पंपांनी वेळेत बाहेर टाकावे लागते.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. बॅटऱ्या भरण्यासाठी त्यांना हवा घेणारी नळी पाण्याबाहेर काढून इंजिने चालवावी लागतात आणि सलग बर्फाखाली ती नळी काढायला जागाच नसते. बर्फाच्या कडेला थोडे आत जाऊन परतणे अशा पाणबुडीला कदाचित जमेल, परंतु ध्रुवापर्यंतचा प्रवास अणुशक्तीवाचून शक्य नाही.