सात महिने दुबईत, पाच महिने नागपुरात: कोर्टातून कर्जमुक्ती मागता येते का?

सावजी_आचारी, नंदनवन (१२ जून)

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितो, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच येईल.

मी आचारी आहे. गोळीबार चौकाजवळच्या एका सावजी भोजनालयात भांडी घासता घासता शिकलो. २०१४ पासून स्वतःचं केटरिंग होतं, लगनसराईत एकाच दिवशी दोन-दोन लॉन सांभाळायचो. २०२० च्या मार्चात सगळं बंद झालं. एप्रिल-मेच्या अकरा ऑर्डरींचे अ‍ॅडव्हान्स परत करावे लागले, आणि खडा मसाला, तेल, तांदूळ तर मी आधीच भरून ठेवला होता. पोरांचे पगार थांबवले नाहीत. त्यासाठी कर्ज काढलं, मग त्या कर्जाच्या हप्त्यासाठी दुसरं.

आज मुद्रा कर्जाचे बँकेला ४ लाख ६० हजार, पतसंस्थेला ३ लाख १० हजार आणि एका फायनान्स कंपनीला १ लाख ५५ हजार द्यायचे आहेत. शिवाय एका खाजगी माणसाचे १ लाख मुद्दल, महिना पाच टक्क्यांनी. त्याच्याकडे माझ्या सहीचे दोन कोरे चेक आहेत. बायकोच्या पाटल्या केव्हाच गेल्या.

२०२२ पासून ऑक्टोबर ते एप्रिल दुबईकडच्या वाळवंटात एका सफारी कॅम्पवर स्वयंपाक करतो. उन्हाळ्यात कॅम्प बंद असतो, तेव्हा मे ते सप्टेंबर नागपूर. पगार २,८०० दिरहम, राहणं-खाणं त्यांचं. घरी पाठवून सीझनच्या शेवटी दोन-सव्वादोन लाख हातात उरतात. ते चौघांत थोडे थोडे वाटतो, व्याजातच जातात, मुद्दल तिथल्या तिथे.

मी इथे नसलो की फोन बायकोला येऊन राहिले, सासऱ्यांना येऊन राहिले. पण मला खरं लागलं ते वेगळंच. पतसंस्थेच्या कर्जाला माझा साळा जामीनदार आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. अक्षय्य तृतीयेला त्याच्या घरी जेवायला गेलो तर त्याच्या पोरानं सहज सांगितलं, "मामाजी, बाबांचे दर महिन्याला सहा हजार कापतात तुमच्यामुळे." जानेवारीपासून कापून राहिले होते. त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पुरणपोळीचा घास तोंडातच राहिला.

मला पळून जायचं नाही. दुबईत राहून जाणारे आहेत, मला तसं नको, माझं घर इथे आहे. ऐकलं आहे की कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला की सगळ्यांचा एकदाच निकाल लागतो. मला करता येईल का? सात महिने बाहेर असतो तर नागपूरचं कोर्ट अर्ज घेईल का? आणि ऑक्टोबरात जाताना मुंबईला एअरपोर्टवर अडवतील का?

वकीलताई_सिव्हिल_लाइन्स (१३ जून)

दादा, तुम्ही हिशेब स्वच्छ मांडलात, त्यामुळे सांगणं सोपं झालं.

तुम्ही ऐकलं ते २०१६ च्या दिवाळखोरी संहितेबद्दल असावं. तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तुमच्या-आमच्यासारख्यांना आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. (मुंबई शहराला १९०९ चा वेगळा आहे.) कोर्टात दिवाळखोरीला 'नादारी' म्हणतात. कर्ज किमान ५०० रुपये आणि ते फेडण्याची ऐपत नाही, इतकं दाखवलं की कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. ५०० चा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, तो तसाच राहिला.

नागपूरचं कोर्ट अर्ज घेईल. कलम ११ मध्ये कर्जदार सामान्यतः जिथे राहतो किंवा स्वतः कमावतो तिथलं कोर्ट, असं आहे. बायको-मुलं नंदनवनात, दरवर्षी पाच महिने तुम्ही इथे, रेशनकार्ड इथलं, एवढं पुरेसं बोलकं आहे. बाहेर असण्याचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. घेणेकऱ्यांना चुकवण्याच्या हेतूनं भारताबाहेर जाणं किंवा बाहेर राहणं, हे त्या कायद्यात 'नादारीचं कृत्य' आहे, म्हणजे त्यावर बोट ठेवून घेणेकरी कोर्टात जाऊ शकतात. तुमचा हेतू तो नाही, पण ते दाखवायला कागद लागतो: कामाचा करार, परतीची तिकिटं, दरवर्षीचे पासपोर्टवरचे शिक्के. हे सगळं जपून ठेवा.

तरीही अर्ज करू नका, असंच मी सांगेन. नादार ठरवल्यावर तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते. अंथरूण-पांघरूण, घरातली स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं अशा जप्तीबाहेरच्या वस्तू तेवढ्या सुटतात. पण मुक्तता मिळेपर्यंत जे नवीन कमवाल तेही कलम २८ खाली त्यातच येतं. म्हणजे तुमचा दुबईचा सीझन रिसीव्हरच्या खात्यात. त्यात रुपयाला किमान ५० पैसे भरतील इतकी मालमत्ता नसेल, आणि हे तुमच्या दोषाशिवाय घडलं असं कोर्टाला पटवता आलं नाही, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. मधल्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली तरी गुन्हा.

आणि ज्याच्यासाठी तुमचा जीव तुटतो आहे तो साळा त्यातून सुटत नाही. कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे: कर्जदाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदाराला नाही. तुम्ही मोकळे व्हाल आणि पतसंस्था उरलेलं सगळं त्याच्याकडून घेईल.

एअरपोर्टचं उद्या लिहिते, आज कोर्टात केसेस जास्त आहेत.

सावजी_आचारी (१३ जून)

ताई, शेवटचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मग तो अर्ज आपल्याला नकोच. मलाही नको.

कामठीवाला_शारजा_रिटर्न (१३ जून)

भाऊ, मी नऊ वर्षं शारजात होतो, एसी डक्टिंगच्या कामावर. दोन चुका केल्या, त्या तू करू नको.

पहिली, इथलं कर्ज फेडायला तिथल्या बँकेचं कर्ज घेतलं. तेव्हा सगळे म्हणायचे, गावी आलं की तिथलं कर्ज तिथंच राहतं. आता तसं नाही बाप्पा. जानेवारी २०२० पासून अमिरातीच्या कोर्टाचा दिवाणी हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयातून वसूल करता येतो. म्हणजे दुबईची डिक्री तुझ्या नंदनवनच्या दारात येऊ शकते. कॅम्पवर एजंट क्रेडिट कार्ड घेऊन येतात, हसून बोलतात, फॉर्म तेच भरतात. नाही म्हण.

दुसरी, पगार त्याच बँकेत पाठवत होतो जिचं कर्ज थकलं होतं. एका महिन्यात बँकेनं खात्यातली रक्कम कर्जाला वळती केली, पोराची शाळेची फी अडकली. बँकेला तसा हक्क असतो. घरखर्चाचं खाते दुसऱ्या बँकेत ठेव. लपवायचं नाही, विचारलं तर सांग, पण महिन्याचा किराणा त्यातून सुरक्षित राहिला पाहिजे.

आणि वहिनींना सांग, वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. सासऱ्यांना फोन करायचं तर काही कारणच नाही. तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आमच्या घरी फोन त्या वहीनंच थांबले.

वकीलताई_सिव्हिल_लाइन्स (१४ जून)

नुसतं कर्ज थकलं म्हणून एअरपोर्टवर कोणी अडवत नाही. सरकारी बँकांच्या सांगण्यावरून काढलेली लुकआउट सर्क्युलर (एअरपोर्टवर अडवण्याच्या सूचना) मुंबई उच्च न्यायालयानं २३ एप्रिल २०२४ ला रद्द केली. कर्ज फेडता येत नाही म्हणून तुरुंगही नाही. ऐपत असून मुद्दाम टाळलं तरच दिवाणी कैदेचा विचार होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे.

तुम्हाला खरा धोका चेकचा आहे. चेक परतला की ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाही दिले तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चा फौजदारी खटला. फायनान्स कंपनीचा ऑटो-डेबिट हप्ता परतला तरी तसाच खटला होतो, २००७ च्या पेमेंट कायद्याखाली. नोटीस नंदनवनच्या पत्त्यावर नोव्हेंबरात येते, तुम्ही वाळवंटात. घरच्यांनी घाबरून घेतली नाही तरी ती पोचली असंच धरतात. मग समन्स, मग वॉरंट, आणि वॉरंट असलं की पासपोर्टही अडचणीत येतो. म्हणून जाण्याआधी वकीलपत्र करून ठेवा, आणि वहिनींना सांगा की प्रत्येक पाकीट घ्यायचं आणि त्याच दिवशी फोटो पाठवायचा. खटला उभा राहिलाच तर वकील तुमच्या गैरहजेरीची परवानगी मागू शकतो.

मुदतीचं एक लक्षात घ्या. कोणी सांगेल, तीन वर्षं बाहेर काढ, कर्ज मुदतबाह्य होतं. तसं होत नाही. कर्जदार भारताबाहेर असतो तो काळ मुदतीतून वगळतात. तुमच्या वर्षाचे सात महिने मोजलेच जात नाहीत.

रस्ता मला दिसतो तो लोकअदालतीचा. सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. तुमचं बसणार नाही, पण वहिनींच्या नावे सोनं किंवा काही अडकलं असेल तर त्यांना बाई म्हणून उत्पन्नाची अट नाही. बँक आणि फायनान्स कंपनीची प्रकरणं खटल्याआधीच, दाखलपूर्व म्हणून ठेवता येतात. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चारदा भरते, एक बहुतेक सप्टेंबरात, म्हणजे तुम्ही जाण्याआधी. तिथली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते, त्यावर अपील नाही. म्हणूनच झेपेल तेवढाच आकडा कबूल करा. हप्ते दरमहा मागू नका. तुमचा पैसा सीझनला येतो, तर एक भाग जाण्याआधी आणि बाकी १५ मे नंतर, असं मागा.

चौघांत थोडं थोडं वाटणं बंद करा. हाती असलेली रक्कम एका-एकाचा निकाल लावायला वापरा. तडजोडीनंतर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा राहील आणि काही काळ नवीन कर्ज मिळणार नाही. तुम्हाला ते नकोच आहे.

पाच टक्केवाल्याकडे परवाना आहे का, ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारा. परवान्याशिवाय सावकारी हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आजवर त्याला दिलेल्या पैशांचा कागद, फोनवरचे मेसेज, गुगल पे, जे असेल ते गोळा करा.

माजी_वसुली_क्लार्क, मानेवाडा (१५ जून)

मी एका पतसंस्थेत १९ वर्षं वसुलीच्या टेबलावर होते. बाकीच्यांनी बँकेचं सांगितलं, मी तुमच्या साळ्याबद्दल लिहिते.

पतसंस्थेचा व्यवहार सहकार कायद्याखाली चालतो, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्याची तक्रार जात नाही. पगारदार जामीनदार असेल तर संस्था सगळ्यात आधी त्याच्या पगाराकडे जाते. कर्ज घेताना त्यानं कपातीचं संमतीपत्र दिलेलं असतं, ते कार्यालयाला पाठवलं की कपात सुरू. कर्जदार दुबईत, जामीनदार शाळेत रोज हजर. आम्ही कोणाकडे जाणार होतो? हे मी अभिमानानं सांगत नाही. कित्येक शिक्षकांचे चेहरे अजून आठवतात.

उद्याच संस्थेत जा आणि दोन गोष्टी लेखी मागा. एक, कर्जखात्याचा पूर्ण उतारा, त्यात साळ्याच्या कपातीची रक्कम जमा दिसली पाहिजे. मी असे उतारे पाहिले आहेत जिथे कपात कर्जात जमा न होता तीन-तीन महिने वेगळ्या अनामत खात्यात पडून राहायची आणि व्याज चालूच. दुसरं, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, म्हणजे सक्तीनं वसूल करण्याचा आदेश, काढला आहे का. दाखला निघाला असेल तर त्याविरुद्ध दाद मागायला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. निघाला नसेल तर बोलणीला जागा आहे.

तडजोडीचा अर्ज संचालक मंडळाच्या नावे द्या, आवक क्रमांक घ्या. पत्रात एक ओळ हवीच: "कर्जदार व जामीनदार दोघांचीही जबाबदारी पूर्णतः संपुष्टात आली." ही ओळ नसेल तर सही करू नका. आणि पैसे पहिले इथेच भरा. बँक थांबू शकते. त्या मास्तरांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला कापला जातो.

सावजी_आचारी (२८ सप्टेंबर)

तुम्ही सांगितलं तसं केलं, म्हणून कळवतो.

उताऱ्यात साळ्याचे चार महिन्यांचे २४ हजार खरंच अनामत खात्यात निघाले. ते जमा करून घेतले, त्या काळाचं व्याजही कमी झालं. मावशी, हे तुमच्यामुळे.

फायनान्स कंपनीचं लोकअदालतीत ९० हजारांवर मिटलं. ३५ तिथेच भरले, बाकी २० मे ला. समोरचा माणूस आधी दरमहा म्हणत होता. मी कामाचा करार पुढे ठेवला आणि सांगितलं, साहेब, ऑक्टोबरात पहिला पगार यायलाच महिना जातो, खोटा वायदा करून मी तिथे झोपू शकणार नाही. पॅनेलवरच्या मॅडमनी तो करार स्वतः वाचला.

बँकेनं अर्ज घेतला आहे, उत्तर डिसेंबरपर्यंत म्हणतात. पाच टक्केवाल्याकडे परवाना नाही. तक्रार दिल्यावर एक चेक परत आला, दुसरा हरवला म्हणतो. तो हरवला यावर माझा विश्वास नाही.

पतसंस्थेनं २ लाख २० हजारांत मिटवायचं कबूल केलं आहे. दीड लाख भरले, त्यात मोठी कढई आणि तीन गंज (मोठी पातेली) विकले त्याचे पैसे आहेत. उरलेले ७० एप्रिलअखेर. कपात या महिन्यापासून थांबली, साळ्यानं पगाराची स्लिप पाठवली, खाली काही लिहिलं नव्हतं. मंडळाचा ठराव झाला, पण ते पत्र ७ तारखेला मिळेल आणि माझं विमान ४ चं आहे. माझ्या वतीनं बायको पत्र घेऊन सही करू शकते का?

वकीलताई_सिव्हिल_लाइन्स (२८ सप्टेंबर)

करू शकते. तिच्या नावे मुखत्यारपत्र करा, तेही जाण्याआधी इथेच. दुबईहून करायचं म्हटलं तर वकिलातीतून साक्षांकन, इथे आल्यावर पुन्हा मुद्रांक, त्यात महिना जाईल. त्यात चारही कर्जांचे खाते क्रमांक, तडजोड स्वीकारणं, पत्रं घेणं, पैसे भरणं हे शब्द घाला. घर विकण्याचा अधिकार घालू नका, गरज नाही. दुसऱ्या चेकबद्दल बँकेला आजच 'पेमेंट थांबवा' असं लेखी द्या आणि हरवल्याचं तो म्हणाला ते त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या. थांबवलेल्या चेकवरही १३८ होऊ शकतं, म्हणून तो मेसेज आणि उपनिबंधकांकडच्या तक्रारीची पोच माझ्याकडे ठेवा. मंगळवारी साडेदहाला न्यायमंदिराच्या गेटवर या, वहिनींना आणा, दोघांचं आधार आणि चार फोटो.