मदत हवी आहे: तेल तापलं की मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट रखडते

मंडळी, द्राक्षबागेतला आमचा मिनी ट्रॅक्टर सकाळी थंड असताना रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) झटक्यात उचलतो. तासभर चालून तेल तापलं की हायड्रॉलिक लिफ्ट (तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा) धक्के देत, रखडत वर येते. इंजिन बंद केलं की रोटाव्हेटर हळूहळू खाली बसतो. तेलाची पातळी बरोबर आहे, जाळी साफ केली, फिल्टर नवा टाकला. तेल दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी नसावं, पण डिपस्टिकवर (तेल मोजायची पट्टी) बारीक फेस दिसतो. म्हणजे सक्शन पाइपच्या (यातून पंप तेल ओढतो) ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी सीलमधून, पंप हवा ओढत असावा. खाली बसण्याचं कारण मात्र वेगळं वाटतं: लिफ्ट सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. मेकॅनिक थेट पंप बदला म्हणतोय. छाटणी तोंडावर आली आहे, एवढा खर्च उगाच नको. पंप उघडण्याआधी प्रेशर गेज (तेलाचा दाब मोजायचं मीटर) नेमका कुठे लावायचा? हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.