वेरूळ, देवगिरी, अजिंठा, पैठण : घरच्यांना घेऊन अडीच दिवस. तुमचे अनुभव लिहा

दिवाळीनंतर आम्ही सहा जण निघतोय. आई-बाबा, आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची लेक. पुण्याहून आमच्याच गाडीनं शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी पोचायचं आणि सोमवारी रात्रीपर्यंत घरी. आईला घृष्णेश्वराचं दर्शन आणि पैठणला नाथांची समाधी हवी आहे, बाबांना देवगिरी, मला कैलास लेणं, मुलाला किल्ल्यातली अंधारी वाट. अजिंठा तर सगळ्यांनाच हवाय. कागदावर मांडलं की सगळं बसतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि धाकटी दुपारी झोपली नाही तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते. आजी-आजोबा आणि लहान मुलं, दोघांनाही सांभाळत तुम्ही हा भाग कसा पाहिलात ते सविस्तर लिहा. काय सोडलंत तेही सांगा, मला त्याचीच जास्त गरज आहे.

*

सगळ्यात आधी वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे न बघता निघाल्यामुळे आमचा अख्खा दिवस गेला. नाशिकहून पहाटे निघालो आणि मंगळवारी अकराला वेरूळच्या बंद फाटकासमोर उभे राहिलो. सासूबाई एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. रात्री जागून केलेल्या दशम्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून गाडीत बसून राहिल्या, ते अजून डोळ्यांसमोर येतं.

घृष्णेश्वर लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर, आणि देऊळ रोज उघडं असतं, त्यामुळे दर्शन झालं. मग गावातल्या भोसल्यांच्या गढीपाशी गेलो. वेरूळ हे शिवरायांच्या आजोबांचं, मालोजीराजांचं गाव. मुलांना हे माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. तुमचा सोमवार परतीचा आहे, म्हणजे अजिंठा शनिवारी किंवा रविवारीच.

*

वेरूळबद्दल लिहिते, कारण तिथं मी तीनदा गेले आणि तिसऱ्या खेपेला ते नीट पाहिलं.

लेणी ३४ आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पहिल्या दोन्ही वेळा आम्ही क्रमानं सुरुवात केली आणि कैलासाला, म्हणजे १६ क्रमांकाला पोचेपर्यंत मुलं पेंगुळली, वडील ओट्यावर बसले. तिसऱ्यांदा थेट कैलासात गेलो. दोन तास फक्त तिथं. मग १० क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं, आणि जैन लेण्यांपैकी एकच, ३२ क्रमांकाची इंद्रसभा. जैन लेणी उत्तरेला बरीच लांब आहेत, आईंना चालवू नका, वाहनानंच न्या. १२ क्रमांकाच्या तीन ताल लेण्याचे जिने चढे आहेत, तिथं त्यांना खालीच बसू द्या.

वेळेचं म्हणाल तर दुपारनंतर जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे तीन-साडेतीननंतर ऊन आत शिरतं आणि सकाळी काळपट दिसलेल्या मूर्ती उजळतात. धाकटीची झोपही तोवर झालेली असेल.

मुलाला कैलास दाखवताना आधी वर बघायला सांगा. हे देऊळ खालून वर रचलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. म्हणजे शिखर आधी, पाया शेवटी. माझ्या भाचीनं विचारलं, "मग चुकलं तर?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसतं वर बघत उभ्या होतो. नंतर तिनं पायथ्याचे हत्ती एकेक करून मोजायला घेतले. बाजूच्या भिंतीवर रामायण-महाभारताचे पट कोरलेत, आजीनं तिथं तिला गोष्टी सांगितल्या. गाईडची गरजच पडली नाही. दक्षिणेकडच्या बाजूला रावण कैलास हलवतोय तो प्रसंग आहे, तो चुकवू नका.

*

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातले कपडे काढून, उघड्या अंगानं जावं लागतं. हे वडिलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या वडिलांच्या छातीवर बायपासचा लांब व्रण आहे. रांगेत अगदी दाराशी आल्यावर त्यांना हे कळलं आणि ते मागे सरकले, "मी इथूनच नमस्कार करतो" म्हणाले. मी आधी माझा शर्ट काढला, मग काही न बोलता त्यांची बटणं काढायला लागलो, लहानपणी ते माझी काढायचे तशीच. आत गेल्यावर पिंडीला हात लावता येतो. वडील हात ठेवून बराच वेळ बसले होते, मागच्या लोकांनीही घाई केली नाही.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून सकाळी लवकर गेलात तर फार थांबावं लागत नाही. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, एकानं बाहेर थांबायची पाळी लावा. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधून घेतलंय. लाल दगडातलं काम आहे, बाहेरून एक फेरी सावकाश मारा.

*

देवगिरी : वर जायचं तर सकाळी सात-आठलाच. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यातल्या कित्येक गुडघाभर उंच. आईंना चांद मिनार, भारतमातेचं मंदिर आणि पहिल्या तटापर्यंतचा भाग पुरे, तेवढं बरंचसं सपाटीवर आहे. पुढे खंदक आणि मग ती अंधारी. वटवाघळांचा वास, पायाखाली वळत जाणाऱ्या पायऱ्या. मोबाईलच्या उजेडावर भागवू नका, चांगली बॅटरी न्या. एक हात भिंतीला आणि एक मुलाच्या मनगटाला, असंच गेलो आम्ही. माझ्या मुलानं आत गेल्यावर माझा हात इतका आवळला की बोटं दुखली, आणि बाहेर उजेडात आल्याबरोबर म्हणाला, "परत जाऊया." यादवांचा हा गड का घेता येत नव्हता, ते त्या अंधारात जे कळतं ते पुस्तकात कळत नाही.

चार वर्षांच्या मुलीला मात्र तिथं नेऊ नका. बाबा आणि मुलगा जाऊ देत, बाकीच्यांनी खाली सावलीत बसावं. दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेला सीताफळं विकायला असतात, तेवढ्यात ती खाऊन होतात.

*

मी इथलाच. वेरूळ आणि दौलताबादच्या मध्ये खुलताबाद लागतं, लोक गाडी न थांबवता निघून जातात. अर्धा तास द्या. भद्रा मारुती झोपलेला आहे, असा मारुती सहसा बघायला मिळत नाही. शनिवारी गर्दी फार, हनुमान जयंतीला तर शहरातून रात्रभर माणसं चालत येतात. त्याच गावात सुफी संतांचे दर्गे आहेत, औरंगजेबाची साधी कबर आहे, आणि मलिक अंबरचा मकबरा. आमचं शहर खडकी नावानं वसवलं ते या अंबरनं, १६१० मध्ये. गाडी ठरवून येणाऱ्यांसाठी एक : कुठं कुठं थांबायचं ते निघायच्या आधीच बोलून घ्या. आमच्या पाहुण्यांचे दोन तास ड्रायव्हरनं साडीच्या दुकानात घालवले आणि किल्ला राहून गेला.

*

माझं मत कटू वाटेल, पण या खेपेला अजिंठा सोडा. शहरापासून शंभर किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवस. स्वतःची गाडी फाट्यावर लावून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं, मग पायऱ्या. आम्ही वेरूळ आणि अजिंठा लागोपाठच्या दोन दिवसांत केलं आणि दुसऱ्या दिवशी सासरे एकाही चित्रासमोर नीट थांबू शकले नाहीत.

*

मला हे पटत नाही. माझी आई ७४ वर्षांची, डोलीत बसून सगळं अजिंठा पाहून आली. सुरुवातीला तिला संकोच वाटला, दुसऱ्याच्या खांद्यावर कसं बसायचं म्हणून. डोलीवाल्या दादांनीच तिची समजूत काढली. फक्त सगळी लेणी करायची हौस धरू नका. १, २, १६, १७ आणि २६, बस. आत शिरल्यावर लगेच चित्रं शोधू नका, पाच मिनिटं नुसते उभे राहा. अंधाराला डोळे सरावले की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हळूहळू भिंतीतून वर येतो. फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, आईंना सहज घालता-काढता येतील अशी पादत्राणं द्या. २६ मधला निजलेला बुद्ध लहान मुलांनाही कळतो. आमची लेक तिथं आपसूक हळू आवाजात बोलायला लागली.

*

मनापासून आभार. बाबांशी बोलून ठरवलं : शनिवारी सकाळी देवगिरी, मग घृष्णेश्वर, दुपारनंतर कैलास. अजिंठ्यासाठी रविवार मोकळा ठेवतोय, पण आईचा पाय शनिवारी रात्री जे सांगेल ते. पैठणबद्दल कुणीच लिहिलं नाही?

*

पैठण सोमवारी परतीच्या वाटेवर घ्या. शहरापासून ५० किलोमीटर, पुढे शेवगाववरून अहिल्यानगरला निघता येतं, उलटं फिरावं लागत नाही. गावात नाथांचा वाडा, तिथं आता देऊळ आहे. समाधी मंदिर गोदावरीच्या काठावर, आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले असं सांगतात तो नागघाट. नाथषष्ठी सोडली तर शांत असतं, दोन-अडीच तास पुरतात. हातमागावर पैठणी विणताना बघायला मिळाली तर अवश्य थांबा. पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मुलांना उलटून दाखवा.

आमच्या वडिलांनी घाटावर बसून नातवाला तापल्या वाळूत रडणाऱ्या पोराची गोष्ट सांगितली. नाथ स्नान करून येत होते, सोवळ्यात होते, तरी त्यांनी त्या दलित आईच्या बाळाला उचलून कडेवर घेतलं. नातू ऐकून घेत होता. मग उठून दोन पायऱ्या खाली गेला आणि उन्हात पडलेल्या दगडावर तळहात टेकवून बघायला लागला, किती पोळतं ते.