चौथीपर्यंतची शाळा नऊनंतर भरावी का? सांगलीतील पालकांची चर्चा

कृष्णाकाठ (विश्रामबाग)

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे शाळांना कळवले. ज्या शाळांना खरोखर अडचण आहे, त्यांच्याबाबत शिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे विचार करावा, अशी वाटही त्यात ठेवली होती. माझ्या मुलीची शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत चालते, त्यामुळे तिचा पहिलीचा वर्ग आजही ७.४० लाच भरतो. मागच्या पालकसभेत वेळ बदलावी का, असे विचारले गेले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी आहे तीच वेळ ठेवण्याच्या बाजूने हात वर केले. माझा हात खाली राहिला. त्याचे कारण तिथे दोन मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून इथे मांडते.

रिक्षा सातला दारात येते, म्हणजे मुलीला सहाला उठवावे लागते. तिच्या बाबांचे हरभट रोडवर दुकान आहे. शटर साडेनऊला खाली येते, हिशेब आटोपून ते घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात आणि दिवसभरात बाबा दिसण्याची तिची तेवढी एकच वेळ असते. तिला झोप लागते ती पावणेअकराला. म्हणजे मिळाले सव्वासात तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची झोप सांगितली आहे. त्यातला खालचा आकडा धरला तरी रोज पावणेदोन तास कमी पडतात आणि पाच दिवसांत ही तूट पावणेनऊ तासांवर, म्हणजे एका अख्ख्या रात्रीवर जाते. जानेवारीत सांगलीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्या दिवसांत ती अंधारात उठते आणि ब्रश तोंडात असतानाच तिचे डोळे मिटतात. इतक्या सकाळी घशाखाली घास उतरत नाही, त्यामुळे दिवसाचे पहिले अन्न तिच्या पोटात जाते ते साडेनऊला, डब्याच्या सुट्टीत. शाळा नऊला भरली तर यातले बरेचसे आपोआप सुटेल, असे मला मनापासून वाटते.

कुपवाडचे बाबा

मी हात वर करणाऱ्यांपैकी आहे आणि मुलांच्या झोपेची पर्वा नसल्याने मी तो वर केला, असा समज कोणी करून घेऊ नये. माझी कामाची वेळ आठची आहे, पत्नी मिरजेला रुग्णालयात नोकरी करते आणि तिला साडेआठला हजर व्हावे लागते. शाळा नऊला भरू लागली तर पावणेआठ ते नऊ या वेळात सहा वर्षांचा मुलगा कोणाच्या ताब्यात द्यायचा, याचे उत्तर शासननिर्णयात नाही. माझी आई ६८ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. साडेबाराला रिक्षातून उतरलेल्या नातवाला ती खालून घेऊन येते, हेच पुष्कळ झाले. सकाळी त्याचे आवरून, डबा भरून, जिना उतरून रिक्षात बसवण्याचे काम तिच्यावर टाकण्याचे धाडस मला होत नाही.

दुसरे असे की, नऊला भरलेली शाळा दोन-अडीचला सुटणार. मार्च-एप्रिलमध्ये सांगलीतल्या त्या वेळच्या उन्हात मुलांना रिक्षाने घरी आणायचे का? उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवण्याची पद्धत आपल्याकडे उगाच पडलेली नाही. आमचा मुलगा साडेआठला झोपतो, सहाला उठतो आणि त्याचे साडेनऊ तास पूर्ण होतात. झोपेचा प्रश्न रात्रीचा आहे, तो सकाळी सोडवता येणार नाही.

हळदपेठ

मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षे प्राथमिकला शिकवले, त्यातली अकरा वर्षे सकाळच्या सत्रात. पहिली-दुसरीच्या वर्गात सकाळचा पहिला तास मी कधीही नवे काही शिकवण्यासाठी वापरला नाही, कारण ते मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे मला दुसऱ्याच वर्षी कळले होते. गाणी घ्यायची, हजेरी सावकाश घ्यायची, एखादे मूल बाकावर डोके टेकून झोपले तर झोपू द्यायचे. हीच मुले अकरा ते पाचच्या शाळेत आली की अकराच्या ठोक्याला बोलकी असत आणि सकाळची शाळा त्यांना फक्त शनिवारी असे. त्यामुळे निर्णयामागचा विचार मला पूर्ण मान्य आहे.

तरीही माझे मत त्याच्या विरोधात आहे आणि त्याचे कारण इथे अजून कोणी काढलेले नाही. ज्या इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरते, तिथे प्राथमिकचे वर्ग नऊ ते दोन झाले की माध्यमिकचे वर्ग अडीचच्या आधी सुरू होऊ शकत नाहीत. ते सुटणार सातला. कसबे डिग्रज, नांद्रे, बुधगाव इथून एसटीने येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलींनी हिवाळ्यात अंधार पडल्यावर स्टँडवर उभे राहायचे का? त्यांपैकी काही जणींचे शिक्षण त्या एका कारणाने थांबेल. अशा कारणाने शाळा सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. लहान मुलांची झोप वाचवण्याची किंमत त्यांच्या मोठ्या बहिणींनी भरू नये.

कृष्णाकाठ

हळदपेठ, तुमचा मुद्दा मी घरी वाचून दाखवला. मोठ्या मुलींचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे मान्य करते. पण सत्रे उलटी करता येणार नाहीत का? माध्यमिक सकाळी सव्वासात ते बारा आणि प्राथमिक साडेबारा ते पाच भरली तर दोघांची सोय होईल.

कुपवाडच्या बाबांनी सुचवलेला मार्ग आम्ही जूनमध्ये महिनाभर करून पाहिला आणि त्याचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नऊला दिवे बंद केले की पहिल्या आठवड्यातली रडारड सरल्यावर तिला रात्री साडेनऊपर्यंत झोप लागू लागली आणि ती सकाळी हाक न मारता उठू लागली. मात्र बाबा रात्री सांगायचे ती गोष्ट बंद झाली. बाबा सकाळी तिच्या वेण्या घालू लागले, पण सकाळच्या त्या वीस मिनिटांत घड्याळाकडे बघत झालेले बोलणे आणि रात्री कुशीत झोपून झालेले बोलणे यांत फार अंतर आहे. गणपतीच्या दिवसांत दुकान अकरापर्यंत उघडे राहिले आणि ती बाबांची वाट पाहत पुन्हा जागू लागली. घडी मोडली ती अजून बसलेली नाही. सांगलीच्या पेठांत दुकानदारांची आणि दुकानांत काम करणाऱ्यांची कितीतरी घरे आहेत, त्या सर्वांना साडेआठची झोप जमणारी नाही. दुपारी झोपवून तूट भरून काढावी म्हटले, तर रात्रीची झोप साडेअकरावर जाते.

आमराई

मी आजी आहे आणि वेळ कोणतीही ठरली तरी मूल माझ्याच हातात येणार आहे, म्हणून बोलते. वर्ग सात चाळीसला भरला तर साडेबाराला मी, नऊला भरला तर सकाळीही मी आणि अडीचलाही मी, सत्रे उलटी केली तर सकाळपासून बारापर्यंत मी. नातवंडे मला ओझे वाटत नाहीत. पण पालकसभेत आजी-आजोबांना कोणी बोलावले नव्हते आणि आमच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या व फिरण्याच्या वेळा कोणी विचारल्या नव्हत्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कुपवाडच्या बाबांनी किंवा त्यांच्या पत्नीने आपापल्या ठिकाणी ती मागितली आहे का?

कुपवाडचे बाबा

आजी, आमच्या कारखान्यात चाळीसच माणसे आहेत, त्यामुळे कायदा आमच्यापर्यंत येत नाही. पत्नीच्या रुग्णालयात तो लागू होतो, पण तिथली खोली अगदी लहान बाळांसाठी आहे, पहिलीतल्या मुलासाठी नाही. तरी तुमचा प्रश्न योग्य आहे आणि ती या आठवड्यात तिथे विचारणार आहे.

कृष्णाकाठ, सत्रे उलटी केली तर माझ्या आईकडे मूल सकाळी चार-पाच तास राहील, म्हणून त्याला माझा विरोध कायम आहे. मी वेगळे सुचवतो. वर्ग नऊला भरू द्या, पण दार पावणेआठला उघडावे, एका खोलीत सतरंज्या घालाव्यात आणि शाळेने एका मावशींना तिथे बसवावे. त्यांच्या पगाराचा वाटा आम्ही नोकरदार पालक उचलू.

कृष्णाकाठ

म्हणजे तुमचा मुलगा सहालाच उठेल, पण तो आदल्या रात्री साडेआठला झोपलेला असेल. माझी मुलगी साडेसातला उठेल आणि तिला बाबांची गोष्टही मिळेल. ही सूचना मला पटते. मात्र माध्यमिकच्या मुलींना सातला सोडावे लागेल, हा हळदपेठ यांचा आक्षेप त्यानेही सुटत नाही. इमारतीच्या मागे दोन खोल्या गेली काही वर्षे जुन्या बाकांनी भरून पडल्या आहेत. त्या मोकळ्या करून निदान पहिली-दुसरीचे वर्ग तिथे नऊला भरवता येतील का आणि माध्यमिकची वेळ आहे तशीच ठेवता येईल का, असे मी मुख्याध्यापिकांना सोमवारी लेखी विचारणार आहे. त्या पत्रावर तुमची सही हवी आहे. हळदपेठ, तुम्ही सोबत आलात तर बरे होईल.

हळदपेठ

येते. बाक किती आहेत ते आधी मोजून ठेवा, म्हणजे हलवायला टेम्पो किती लागतील ते पत्रातच लिहिता येईल.