निदान मुलाचं, मग प्रशिक्षण पालकांना का?

रानवारा:
मुलाला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकायला जड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं जड जाणं) आहे असं कळलं की पालकांच्या हातात अहवाल पडतो आणि थेरपीच्या वेळा मिळतात. घरी त्याच्याशी वागायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझं ठाम मत आहे की निदानानंतर पालकांचं प्रशिक्षण सक्तीचं असावं. एडीएचडी असलेलं मूल ४-५ वर्षांचं असेल तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना औषधाआधी पालकांच्या प्रशिक्षणाची शिफारस करते. विकासात अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचाही कार्यक्रम आहे: ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी. उपचाराचाच भाग आहे हा.

कडुनिंब:
सक्तीला माझा सपशेल विरोध. बोलवायचं 'पालकांना' आणि येते कोण? आई. मग संध्याकाळी वाचनाचा सराव तिनेच घ्यायचा, उच्चारांचे व्यायाम तिनेच, तक्ते भरायचे तिनेच. शाळेत दिवसभर चुका ऐकून आलेल्या मुलासमोर घरीही आई लाल पेन घेऊन बसली, तर त्याने जायचं कुठे? मी विशेष शिक्षिका आहे. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेत, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड ठरलेल्या क्रमाने, पायरीपायरीने घालून द्यावी लागते. ते आमचं काम. नेहमीच्या शाळांनी या मुलांना सामावून घ्यावं असं युनेस्कोच्या परिषदेतल्या सालामांका जाहीरनाम्याने १९९४ मध्येच सांगितलंय. "घरी करून घ्या" म्हणून शाळेला हात झटकू देऊ नका.

रानवारा:
वाचन शिकवा असं मी म्हटलेलंच नाही. मूल वही भिरकावतं, तेव्हा आधी काय घडलं आणि नंतर काय झालं हे आठवडाभर लिहून पाहा. पुष्कळदा वही फेकली की अभ्यास थांबतो, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. जवळ जाऊन एका वेळी एकच सूचना द्यायची. नुसतं "शहाणा" म्हणण्यापेक्षा "हाक मारल्यावर लगेच आलास, बरं वाटलं" असं नेमकं सांगायचं. आणि मूल रडून लाल झालेलं असताना समजावत बसायचं नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात काहीच शिरत नाही. आठवड्यातून तासभर भेटणारा थेरपिस्ट हे कसं करणार?

मृद्गंध:
पालकालाच वाचायला जड जात असेल तर? डिस्लेक्सिया, एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात चालत येतात. मुलाची तपासणी झाली तेव्हा कुठे मला माझं स्वतःचं कळलं. आम्हाला पानंच्या पानं सूचना देतात आणि पुढच्या वेळी "तुम्ही घरी काही करतच नाही" असं ऐकवतात. त्याचा फार त्रास होतो. एकदा समोर करून दाखवा, मग माझ्याकडून करून घ्या. तेवढं पुरतं.

कडुनिंब:
मृद्गंध, शंभर टक्के मान्य. रानवारा, तुम्ही सांगितलेल्या युक्त्याही पटल्या, सक्ती नाही पटली. आधी सत्रं कामाच्या वेळेबाहेर ठेवा, तेवढ्या वेळात मुलं सांभाळायची सोय करा, वडिलांना नाव घेऊन बोलवा. एवढं करूनही कुणी आलं नाही, तर सक्तीचं बोलू.