आयताना बोन्मातीचे कोणते सामने मुलीला दाखवावेत, आणि कोणत्या क्रमाने?

करवीरकन्या

माझी भाची चौदा वर्षांची असून कोल्हापुरात पेठेतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळतच ती मोठी झाली आहे. यंदा तिच्या प्रशिक्षकांनी तिला बगलेवरून काढून मधल्या फळीत आणले आणि चेंडूमागे धावण्याऐवजी चेंडू येणार तिथे आधी पोहोचायला सांगितले. तेव्हापासून ती गोंधळून गेली आहे. स्पेन आणि बार्सिलोना क्लबकडून मधल्या फळीत खेळणाऱ्या आयताना बोन्मातीचे नाव तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, परंतु तिचा खेळ तिने पाहिला आहे तो केवळ मोबाईलवरच्या वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत. परवा मी शेजारी बसून पाहत होते, तर गोल झाला रे झाला की तिचा अंगठा पुढच्या तुकड्याकडे सरकत होता. त्या गोलाआधी आयताना कुठे उभी होती, असे मी विचारले, तेव्हा तिला काहीच सांगता आले नाही.

सहामाही परीक्षेच्या आधी आम्हांला सहा रविवार मिळणार आहेत आणि दर रविवारी दुपारी एक संपूर्ण सामना शांतपणे पाहायचा, असे आमचे ठरले आहे. कोणते सामने निवडावेत आणि कोणता आधी दाखवावा, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे. पोरीने दहावीनंतरही खेळावे का, हा विचार माझ्या भावाच्या मनात सतत घोळत असतो, त्यामुळे आयतानाच्या घराविषयी आणि शिक्षणाविषयी कोणी लिहिले, तर तेही मी त्याला वाचून दाखवीन.

मधली फळी

ताई, सुरुवात 16 मे 2021 रोजी गोथेनबर्गला झालेल्या, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्याने करावी, असे मी सुचवीन. बार्सिलोनाने चेल्सीला 4-0 असे हरवले, स्पेनच्या क्लबने महिलांची ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती आणि सामनावीर ठरली होती तेवीस वर्षांची आयताना. चारही गोल पहिल्या छत्तीस मिनिटांतच झाले, त्यामुळे मुलीचे लक्ष टिकून राहील. तिसरा गोल आयतानाचा आहे. तिची सहकारी अलेक्सिया पुतेयास हिने पास दिला तो दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत, आणि त्या फटीकडे आयतानाने पास निघण्यापूर्वीच धाव घेतली होती. हा गोल तीन वेळा मागे नेऊन दाखवावा आणि तिसऱ्या वेळी पडद्यावरच्या चेंडूवर हात धरून फक्त आयतानाकडे पाहायला सांगावे.

दुसऱ्या रविवारी मात्र पराभव दाखवावा. 2023 च्या विश्वचषकात गटातल्या शेवटच्या सामन्यात, वेलिंग्टनला, जपानने स्पेनला 4-0 असे हरवले. त्या सामन्यात चेंडू बहुतांश वेळ स्पेनकडेच होता. जपानच्या मुली मागे दाटीने उभ्या राहिल्या, चेंडू मिळताच तीन-चार पासांत पुढे गेल्या आणि त्यांनी गोल केले. चेंडू पायाशी असणे आणि चेंडूचा उपयोग होणे यांत किती अंतर आहे, हे चौदा वर्षांच्या मुलीला याहून स्पष्ट दाखवणारा दुसरा सामना मला माहीत नाही.

त्यानंतर लगेच तिसऱ्या रविवारी ऑकलंडचा स्पेन विरुद्ध स्वित्झर्लंड सामना लावावा. जपानकडून हरल्यावर प्रशिक्षकांनी पाच बदल केले, गोलरक्षक काता कोल हिला तर पहिल्यांदाच राष्ट्रीय संघातून खेळवले, आणि स्पेन 5-1 असा जिंकला. आयतानाने दोन गोल केले. पहिला गोल गोलरक्षकाने परतवलेल्या चेंडूवर आहे आणि पाहताना तो सोपा वाटतो, पण तिथे ती एकटीच पोहोचली होती, हे मुलीच्या नजरेस आणून द्यावे. दुसऱ्या गोलाच्या वेळी तिने पेनल्टी क्षेत्रात एकदा आत वळण घेतले, पुन्हा वळण घेतले, आणि समोरच्या बचावपटूंचे पाय विरुद्ध दिशेला गेलेले असताना तिने चेंडू जाळ्यात धाडला. जेमतेम 1.62 मीटर उंचीची ही मुलगी धक्काबुक्कीत न पडता कशी निसटते, ते इथे दिसते.

सातारची बाई

वरील निवड चांगली असली, तरी सामन्यांच्या क्रमाइतकीच पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे, असे मला शाळेत मुलींचा संघ सांभाळताना जाणवले आहे. नव्वद मिनिटे डोळे लावून बसल्याने काही शिकता येतेच असे नाही. मी मुलींना कोऱ्या कागदावर मैदानाचा आयत काढायला लावते आणि पहिली पंधरा मिनिटे एकाच खेळाडूवर नजर ठेवायला सांगते. चेंडू तिच्याकडे येण्यापूर्वी तिने मान वळवून मागे पाहिले की कागदावर त्या जागी एक ठिपका, आणि पास पुढे गेला की एक रेघ, एवढेच काम. आयतानाचा कागद ठिपक्यांनी भरून जातो. चेंडू पायाशी येईपर्यंत तिला आपल्या पाठीमागे कोण आहे, हे ठाऊक झालेले असते, म्हणूनच ती पहिल्या स्पर्शातच वळू शकते. बार्सिलोनाच्या पुरुष संघाच्या मधल्या फळीतले चावी आणि इनिएस्ता यांना आदर्श मानत ती वाढली, आणि हे मागे पाहणे म्हणजे त्याच बार्सिलोनाच्या शाळेची शिकवण आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. मधली फळी म्हणजे एकच जागा नव्हे. भाचीला बचावफळीच्या पुढे उभे करणार असतील, तर तिने आयतानापेक्षा तिच्याच संघातल्या पात्री गिहारोला पाहावे. त्यासाठी 3 जून 2023 चा आइंडहोव्हनचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना घ्यावा. जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबविरुद्ध मध्यंतराला बार्सिलोना 0-2 ने मागे होते, मध्यंतरानंतर काही मिनिटांतच पात्रीने दोन गोल केले, त्यांतला दुसरा आयतानाने गोलासमोर उंच दिलेल्या पासवर (क्रॉसवर) डोक्याने केलेला, आणि शेवटी बार्सिलोना 3-2 ने जिंकले. एकाच सामन्यात दोघींची कामे वेगवेगळी कशी आहेत, हे पाहता येईल.

आता घराविषयी. आयताना 18 जानेवारी 1998 ची. कातालोनियातल्या सांत पेरे दे रिबेस या गावात ती वाढली. तिचे आईवडील दोघेही कातालान भाषा आणि साहित्य शिकवणारे शिक्षक आहेत. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात आणि वडिलांचे आधी लावण्याची सक्ती होती. ती सक्ती उठावी, म्हणून तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि म्हणूनच आज जग तिला आईच्या आडनावाने, बोन्माती म्हणून, ओळखते. लहानपणी ती गावच्या संघात मुलांबरोबरच खेळत होती. बार्सिलोनाच्या प्रबोधिनीत निवड झाल्यावर घरात मोटारीची सोय नसल्याने वडील तिला सार्वजनिक वाहनांनी सरावाला नेत-आणत, आणि त्या फेरीत दिवसाचे कित्येक तास जात. खेळत असतानाच तिने क्रीडाविज्ञानाचे विद्यापीठीय शिक्षण घेतले, हे तुमच्या भावाला आवर्जून सांगा. पुस्तक आणि चेंडू यांतले एकच निवडावे लागते, हा समज आपल्याकडे फार पक्का झाला आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर तो निर्णय त्यांच्या वतीने दुसरेच कोणी घेऊन टाकतात.

वाशीकर

या धाग्यात एक जवळची गोष्ट राहून जाऊ नये, म्हणून लिहितो. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले आणि तोही स्वयंगोलाने, त्यामुळे ज्यांनी केवळ निकाल वाचला, त्यांना त्या सामन्यात काही विशेष वाटणार नाही. मी माझ्या मुलीला घेऊन प्रेक्षकांत बसलो होतो. स्पेनच्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली चेंडू थांबवतानाच पुढच्या पासाच्या दिशेने अंग वळवून घेत होत्या, आणि वरच्या रांगेतून ते इतके स्वच्छ दिसत होते की माझ्या मुलीने मध्येच विचारले, "बाबा, यांना मागे डोळे आहेत का?" त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार विकी लोपेझला मिळाला. त्याआधी गोव्यात फातोर्ड्याला जपानविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनचे दोन्ही गोल तिचेच होते.

पुढचा धागा असा जुळतो: जून 2025 च्या अखेरीस, युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या युरो स्पर्धेला आठवडाही उरला नसताना, आयताना विषाणुजन्य मेंदुज्वराने रुग्णालयात दाखल झाली. 3 जुलैला बर्नमध्ये पोर्तुगालविरुद्ध पहिल्या सामन्यात तिच्याऐवजी सुरुवातीपासून विकी लोपेझ उतरली, तिने गोलही केला, आणि स्पेन 5-0 असे जिंकले. आयताना उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून आली. तुमच्या भाचीला वयाने जवळचे उदाहरण हवे असेल, तर हा सामना तिला दाखवा.

मधली फळी

वाशीकरांनी युरोचा विषय काढला, म्हणून पाचव्या रविवारचा सामना सुचवतो. 23 जुलै 2025, झ्युरिच, जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना. आयतानाला आजारातून उठून महिनाही झालेला नव्हता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही, अतिरिक्त वेळही संपत आला, आणि 113 व्या मिनिटाला आथेनेआ देल कास्तीयोने दिलेला चेंडू घेऊन आयताना वळली. कोन इतका अरुंद होता की चेंडू आत गोलासमोर देणे हेच बहुतेकींना सुचले असते. तिने थेट जवळच्या खांबाकडे फटका मारला आणि गोलरक्षक आन-काट्रिन बेर्गरला तो अडवता आला नाही. ही गोलरक्षक जवळचा खांब कधीकधी मोकळा सोडते, हे आपण आधी अभ्यासले होते, असे आयतानाने नंतर सांगितले. महिला फुटबॉलमध्ये स्पेनने जर्मनीला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. तो गोल एका क्षणाच्या स्फूर्तीचा वाटतो, पण त्याची तयारी आदल्या दिवसांत बसून केलेली होती, आणि तुमच्या रविवारच्या उपक्रमाचे हेच तर प्रयोजन आहे.

चौथा रविवार मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. तिथे बाईंनी सांगितलेला आइंडहोव्हनचा सामना बसवावा. सहाव्यासाठी 25 मे 2024 चा बिल्बाओचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना ठेवा. तोपर्यंत या स्पर्धेत बार्सिलोनाला फ्रान्सच्या लिओं क्लबवर एकदाही विजय मिळाला नव्हता, 2019 आणि 2022 चे अंतिम सामने लिओंनेच बार्सिलोनाकडून हिरावले होते. त्या दिवशी आयतानाने 63 व्या मिनिटाला पहिला गोल केला, अलेक्सियाने अगदी शेवटी दुसरा, आणि निकाल 2-0 असा लागला.

करवीरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. काल पहिला रविवार झाला. बाईंच्या सांगण्याप्रमाणे कागद आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या पाच मिनिटांत भाचीने ठिपके दिले, मग चेंडूमागे तिची नजर गेली आणि ती कागद विसरली. गोथेनबर्गचा तो तिसरा गोल मी तीन वेळा मागे नेला. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आत्या, पास यायच्या आधीच ती निघालीय." भाऊ दाराशी उभा राहून पाहत होता. वडील मुलीला घेऊन रोज सरावाला जात होते, हे मी त्याला वाचून दाखवल्यावर तो काही बोलला नाही, पण मध्यंतरानंतरचा सामना त्याने बसून पाहिला.

एक शंका आहे. बासेलच्या युरो अंतिम सामन्यात आयतानाची पेनल्टी अडवली गेली आणि स्पेन हरले, हे भाचीला ठाऊक आहे. तो सामना दाखवावा की टाळावा? गेल्या महिन्यात तिचीही एक पेनल्टी हुकली आणि त्यानंतर तिने पेनल्टी घेणेच सोडले आहे.

सातारची बाई

दाखवा, पण संपूर्ण दाखवा, केवळ शेवटचा पेनल्टींचा भाग, म्हणजे शूटआऊट, नको. 27 जुलै 2025 च्या त्या सामन्यात 120 मिनिटांनंतर 1-1 अशी बरोबरी होती. शूटआऊटमध्ये इंग्लंडची गोलरक्षक हॅना हॅम्प्टनने मारिओना काल्देन्तेयची आणि आयतानाची पेनल्टी अडवली, साल्मा पारायुएलोचा फटका बाहेर गेला, आणि स्पेनतर्फे फक्त पात्रीची पेनल्टी आत गेली. त्याच रात्री आयतानाला स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तिला सलग तिसऱ्यांदा बॅलन डी'ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, जो तिच्याआधी कोणत्याही महिलेला तीनदा मिळालेला नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस राष्ट्रीय संघाच्या सरावात तिच्या डाव्या पायाचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली, हेही मुलीला सांगा.

सामना पाहून झाला की त्याच संध्याकाळी तिला मैदानावर घेऊन जा आणि दहा पेनल्टी मारायला लावा. गोलात भावालाच उभे करा. किती आत गेल्या, ते मोजू नका. पाय ठेवताना नजर गोलरक्षकाकडे होती की चेंडूकडे, एवढेच तिला दर वेळी विचारा.